जुन्या चर्चच्या इतिहासाची आणि आतील वस्तूंची नोंद कशी करावी

वसईच्या पट्ट्यात, मुंबईत किंवा गोव्यात एखाद्या जुन्या चर्चचा मोठा वर्धापनदिन जवळ आला, की स्मरणिका काढण्याचे ठरते, रंगरंगोटीचा खर्च मंजूर होतो आणि स्मरणिकेच्या पहिल्या पानावर ‘आपले चर्च अमुक साली बांधले गेले’ असे वाक्य छापले जाते. हे वाक्य बहुतेक वेळा अपुरे असते. धर्मग्रामाची (म्हणजे एका चर्चला जोडलेल्या श्रद्धावंतांच्या समूहाची) स्थापना, पहिली इमारत, आज उभी असलेली इमारत, तिची मुख्य वेदी, तिच्यातील मूर्ती, मनोऱ्यातील घंटा आणि कपाटातील नोंदवह्या या प्रत्येकाचे वय निराळे असू शकते. मुंबईत दादरला ज्याला सगळे ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतात, तेथील धर्मग्राम 1596 चा आहे. पण डोळ्यांसमोर दिसणारी इमारत वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी 1970 च्या दशकात उभारलेली आहे. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि त्यांतले एकच लिहिले तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते. म्हणून या कामाचा पहिला नियम असा, की संपूर्ण चर्चला एकच साल देऊ नये; प्रत्येक वस्तूचे साल तिच्याच अंगावरील पुराव्याने ठरवावे. दुसरा नियम असा, की दुरुस्तीचा पहिला घाव पडण्यापूर्वी ही नोंद पूर्ण झालेली असावी.

आरंभ परवानगीपासून करावा. प्रमुख धर्मगुरूंना लेखी पत्र द्यावे, त्यात कामाचा हेतू, किती दिवस लागतील आणि छायाचित्रे कोणाकडे राहतील हे स्पष्ट लिहावे. चर्चच्या मालमत्तेची तपशीलवार यादी असावी, तिची एक प्रत धर्मग्रामाच्या दप्तरात आणि दुसरी धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या, कार्यालयात ठेवावी, असे चर्चच्या कायद्यातच सांगितलेले आहे (कलम 1283). त्यामुळे एखादी जुनी यादी उपलब्ध आहे का, हे आधी नम्रपणे विचारावे. तशी यादी मिळाली तर काम निम्मे हलके होते, कारण त्या यादीतील कोणत्या वस्तू आज दिसत नाहीत हेही आपोआप कळते. सोबत एक जाड वही, पेन्सिल, कापडी मोजपट्टी, चांगला टॉर्च आणि छायाचित्रांसाठी मोबाइल एवढे पुरते. काम दोघांनी मिळून करावे: एकाने मोजावे, दुसऱ्याने लिहावे. मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि लग्नाच्या वेळा टाळाव्यात. पवित्र साक्रामेंत, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली भाकर, ठेवलेल्या पेटीला हात लावू नये, आणि मिस्साचे चषक-तबक साक्रिस्टनने (चर्चच्या सामानाची देखभाल करणाऱ्याने) किंवा धर्मगुरूंनी स्वतः काढून दाखवावे. आपण प्रार्थनेच्या जागी उभे आहोत याचे भान सुटले, तर दुसऱ्या दिवशी दार उघडणार नाही, आणि ते योग्यही असेल.

काम सुरू करण्यापूर्वी आपल्या भागातील काही साले मनात पक्की असावीत, कारण वस्तूंची हालचाल त्या सालांभोवती झालेली असते. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि त्यानंतर फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन या धर्मगुरूंच्या संघांची चर्चे या पट्ट्यात उभी राहिली. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि पोर्तुगिजांची सत्ता येथून उठली. किल्ल्यातील मोठी चर्चे ओस पडत गेली, परंतु गावांतील ख्रिस्ती समाज येथेच राहिला. गोव्यात 1759 मध्ये जेझुइटांना आणि 1835 मध्ये उरलेल्या संघांना बाहेर पडावे लागले, तेव्हा त्यांच्या मठांतील सामान इतरत्र गेले. वसईतील चर्चे प्रथम गोव्याच्या आर्चबिशपांकडे, 1886 नंतर दमणच्या धर्मप्रांतात, 1928 नंतर मुंबईकडे आणि 22 मे 1998 पासून स्वतंत्र वसई धर्मप्रांतात आली. या शेवटच्या साखळीचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे: एखाद्या दुरुस्तीची परवानगी 1900 सालची असेल तर तिचा माग दमणच्या पत्रव्यवहारात घ्यावा लागेल, 1940 सालची असेल तर मुंबईच्या. चुकीच्या दप्तरात महिनोन्‌महिने शोधत बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

आता प्रत्यक्ष चर्चमध्ये यावे आणि सर्वांत आधी अक्षरे कोरलेले दगड वाचावेत. दारावरची पाटी, जमिनीतील थडग्यांच्या शिळा, क्रुसाचा चौथरा, पाण्याच्या कुंडाचा काठ, सगळे पाहावे. झिजलेला लेख समोरून उजेड टाकून वाचता येत नाही. संध्याकाळी किंवा दारे लोटून घेऊन टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवावा आणि उजेड बाजूने, तिरका, दगडावरून सरकत जाईल असा धरावा. मग बोटाला न जाणवणाऱ्या खाचांतही सावली भरते आणि अक्षर उभे राहते. डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून अशी चार छायाचित्रे घ्यावीत, कारण एका बाजूने अदृश्य राहिलेली रेघ दुसऱ्या बाजूने दिसते. अक्षरे ठळक करण्यासाठी खडू, तेल किंवा रंग मुळीच लावू नये. दगडाच्या छिद्रांत तो कायमचा बसतो. जुन्या पोर्तुगीज लेखांत ‘यू’च्या जागी ‘व्ही’चे अक्षर कोरलेले असते आणि शब्द तोडून, वर बारीक अक्षर ठेवून लिहिलेले असतात, तेव्हा वाचण्याची घाई न करता दिसते तसेच उतरवून घ्यावे आणि अर्थ नंतर लावावा.

अर्थ लावताना क्रियापदाकडे विशेष लक्ष द्यावे. वसईच्या किल्ल्यातील सेंट जोसेफ चर्चच्या दर्शनी भागावरील लेखात 1601 हे साल आणि आर्चबिशप आलेशू द मेनेझिस यांचे नाव आहे. अनेकजण त्यावरून ‘चर्च 1601 मध्ये बांधले’ असे लिहून मोकळे होतात. लेखातील पोर्तुगीज क्रियापद मात्र ‘बांधले’ असे नाही. ‘नव्याने केले, सुधारून बांधले’ या अर्थाचे आहे. म्हणजे तेथे त्याआधीच चर्च होते, आणि 1601 हे त्याच्या दुसऱ्या जन्माचे साल आहे. त्याच लेखात या चर्चला ‘मात्रिझ’ म्हटले आहे, म्हणजे गावाचे मुख्य, आईसारखे चर्च. केवळ दोन शब्द नीट वाचल्याने इतिहास किमान एक पायरी मागे जातो.

इमारतीच्या भिंतींकडे पाहताना साहित्य ओळखावे. गोव्यात आणि तळकोकणात जांभा आणि त्यावर चुन्याचा गिलावा ही जोडी असते. जांभा सच्छिद्र असतो. गिलावा हा त्याचा पावसापासूनचा अंगरखा आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझस चर्चचा बाहेरचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकण्यात आला, आणि आज पर्यटकांना आवडणारा तो तांबडा उघडा दगड पावसाने झिजतो आहे. म्हणून ‘मूळ दगड दिसावा’ या हौसेने गिलावा खरवडण्याचा प्रस्ताव कोणी आणला, तर नोंद करणाऱ्याने हे उदाहरण समितीपुढे जरूर ठेवावे. चुन्यावर सिमेंट थापणेही तितकेच घातक असते, कारण भिंतीतला ओलावा आतच कोंडतो. भिंतीत बुजवलेली दारे, छताच्या जुन्या उताराच्या खुणा, एकाच भिंतीत दोन प्रकारची बांधणी अशा गोष्टी दिसल्या तर त्यांची जागा आराखड्यावर दाखवावी. वाढीव बांधकामाचा पुरावा तोच असतो.

मुख्य वेदीपुढे पुरेसा वेळ द्यावा, किमान अर्धा दिवस. जुन्या चर्चमध्ये बहुधा दोन वेद्या दिसतात: मागे भिंतीला लागून उंच कोरीव लाकडी वेदी, आणि पुढे सुटी, साधी, लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करण्यासाठीची. पुढची वेदी बहुतेक ठिकाणी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरची, म्हणजे 1960 च्या दशकानंतरची असते. त्या वर्षांत लॅटिनच्या जागी लोकभाषा आली आणि चर्चच्या आतली मांडणीही बदलली: वेदीपुढचा कठडा निघाला, प्रवचनपीठ वापरातून गेले, काही ठिकाणी जुन्या वेदीचा खालचा भाग कापून नव्या वेदीला लावला गेला. त्यामुळे नवी वेदी ‘नवी’ म्हणून वगळू नये. तिच्या फळ्या जुन्या असू शकतात, हे मागून वाकून पाहावे.

मागच्या कोरीव कामात खांब पाहावेत. सरळ खांब आणि चौकटी-चौकटींची शांत मांडणी असेल तर काम साधारणपणे आधीच्या काळातील. पिळाचे, द्राक्षवेलींनी वेढलेले खांब असतील तर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे आणि त्यानंतर यावे. शिंपल्यासारखी वळणे असतील तर अठराव्या शतकाचा मध्य किंवा त्यापुढचा काळ. हा अंदाज आहे, पुरावा नाही, आणि गावातील सुतार जुनी तऱ्हा पुढे पन्नास वर्षे चालवत असे, हे लक्षात ठेवून नोंदीत ‘शैलीवरून’ असा शब्द अवश्य लिहावा. सोन्याच्या कामाची परीक्षा मात्र जवळून करता येते. जुना सोन्याचा वर्ख लाकडावर सरळ चिकटवलेला नसतो. त्याखाली पांढरा थर आणि त्यावर तांबूस मातीचा पातळ थर असतो. जेथे शतकानुशतकांच्या हातांनी किंवा फडक्यांनी वर्ख झिजला आहे, तेथे कोपऱ्यावर विटकरी रंग डोकावतो. डब्यातल्या सोनेरी रंगाखाली असा विटकरी थर नसतो, आणि तो रंग काही वर्षांत तपकिरी, हिरवट होत जातो. एकाच वेदीवर दोन्ही दिसले तर दुरुस्ती कुठे झाली त्याचा नकाशाच मिळाला असे समजावे.

मूर्तींची ओळख त्यांच्या हातातील वस्तूंवरून करावी, गावात रूढ असलेल्या नावावरून नव्हे. दोन्ही नावे मात्र लिहावीत. चाव्या संत पेत्राच्या, तलवार संत पौलाची, लोखंडी जाळी संत लॉरेन्सची, बाळ येशू आणि लिली संत अंतोनीची, झाडाला बांधलेला आणि बाणांनी विद्ध तरुण संत सेबॅस्टियन, मांडीवरची जखम दाखवणारा आणि पायाशी कुत्रा असलेला संत रॉक. वसईचा स्वतःचा संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला आणि 1862 मध्ये त्याला संतपद मिळाले, तेव्हा त्याला संत म्हणून दाखवणारी मूर्ती त्या सालानंतरची असण्याचा संभव अधिक. हातात काहीच नसेल तर बोटांची मिटलेली पकड पाहावी. हरवलेली वस्तू जाड होती की बारीक, उभी होती की आडवी, हे त्यावरून समजते. मूर्ती पाठीमागून जरूर पाहावी. पाठ पोकळ कोरलेली आणि बिनरंगी असेल तर ती कोनाड्यासाठीच घडवली होती. पाठही पूर्ण कोरलेली असेल तर ती मिरवणुकीत निघत असावी.

येथे एक दुःखद अनुभव सांगणे भाग आहे. एका गावात मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आधीच्या भेटीत पाहिलेल्या लाकडी मरियामातेच्या मूर्तीला चकचकीत ऑइलपेंट चढवलेला होता. ज्यांनी तो चढवला त्यांनी भक्तीनेच चढवला होता आणि पदरचे पैसे घातले होते. परंतु वस्त्रावरची बारीक सोनेरी वेलबुट्टी त्याखाली गेली, आणि पहिल्या भेटीत मी एकच, तेही दुरून, छायाचित्र घेतले होते. मौल्यवान जुन्या प्रतिमांची दुरुस्ती धर्माधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीवाचून आणि जाणकारांच्या सल्ल्यावाचून करू नये, असा चर्चचा नियम आहे (कलम 1189). तो नियम गावातील समितीला आधी वाचून दाखवणे हे नोंद करणाऱ्याचे कर्तव्यच मानावे.

स्नानसंस्काराचे कुंड दगडी असल्याने आग, वाळवी आणि पुनर्बांधणी यांतून टिकते, म्हणून काही चर्चमध्ये तीच सर्वांत जुनी वस्तू असते. ते प्रवेशाजवळ आहे की हलवले आहे, आठ कोनी आहे का, काठावर झाकणाच्या बिजागरीची भोके आहेत का, पाणी थेट जमिनीत जाण्याची नळी आहे का, हे पाहावे. भिंतीतील जुने प्रवचनपीठ आज रिकामे असते. त्याच्या तळाचे कोरीव काम खाली बसून बघावे, कारण गोव्यातील काही पीठांच्या तळाशी स्थानिक कारागिरांनी नागाकृती आणि कमळे कोरलेली आहेत. कुमसाराच्या (पापांची कबुली देण्याच्या) लाकडी खोल्या, बाके आणि क्रुसाच्या वाटेची (येशूच्या शेवटच्या प्रवासाची) चौदा चित्रे यांची मापे आणि छायाचित्रे घेतली तरी चालते. चित्रांखालील मजकूर कोणत्या भाषेत आहे तेवढे लिहावे, म्हणजे ती कुठून मागवली असावीत याचा अंदाज येतो.

घंटांवर मात्र थांबावे. वसईच्या मोहिमेनंतर आणलेल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत आजही आहेत: नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर 1721, भीमाशंकरच्या घंटेवर 1729, आणि वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर 1707 हे साल असून तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे. पणजीच्या चर्चमधील मोठी घंटा जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाच्या पडक्या मनोऱ्यातून आलेली आहे. घंटा फिरतात, एवढे यावरून कळते. मनोऱ्यातील घंटेचे साल चर्चचे साल म्हणून लिहू नये, आणि चर्चमध्ये घंटा जुनी नसेल तर ती गेली कुठे, हा प्रश्न नोंदवून ठेवावा. मनोऱ्याचे जिने कुजलेले असतात, तेव्हा वर जाण्याआधी साक्रिस्टनला विचारावे. तोंडाचा व्यास, उंची, लेख, चित्रे आणि तडे लिहावेत. घासून चकचकीत करू नये.

साक्रिस्तीतील (वेदीजवळच्या सामानाच्या खोलीतील) चषक उलटा करून पायाची खालची बाजू पाहावी, कारण देणगीदाराचे नाव आणि साल तेथे कोरलेले असते. जुनी वस्त्रे उलगडताना दोघांनी खालून आधार द्यावा. भरतकाम जुने आणि कापड नवे असे अनेकदा आढळते.

आता नोंदवह्या. माझ्या मते धर्मग्रामाची खरी संपत्ती येथे आहे. 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने विवाहांची लेखी नोंद बंधनकारक केली, आणि आजही स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या प्रत्येक धर्मग्रामाला ठेवाव्या लागतात. जुन्या वहीला हात लावण्यापूर्वी हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, बोट थुंकीने ओले करू नये, जवळ फक्त पेन्सिल ठेवावी. शाईने कागद खाल्लेला असेल तर पान वरच्या कोपऱ्याला धरून न उलटता खालून तळहाताचा आधार देऊन उलटावे. फाटक्या पानाला चिकटपट्टी किंवा प्लॅस्टिकचे वेष्टण कधीही लावू नये. कागद उघडल्यावर बारीक भुसा पडत असेल तर कसर जिवंत आहे, ती वही वेगळी ठेवावी.

वाचताना तीन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली महिन्यांची. जुन्या पोर्तुगीज नोंदीत 7 हा आकडा आणि पुढे बारीक ‘ब्रो’ असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. 8 पुढे ‘ब्रो’ म्हणजे ऑक्टोबर, 9 पुढे असेल तर नोव्हेंबर, आणि दहाच्या रोमन चिन्हापुढे असेल तर डिसेंबर. मराठी माणसाला हे लक्षात ठेवणे सोपे आहे, कारण त्या नावांत आपल्या सप्त, अष्ट, नव आणि दश यांचेच भाऊबंद बसले आहेत. दुसरी चूक नावांची: लॅटिन नोंदीतील योआनेस, पोर्तुगीज नोंदीतील जुआंव आणि नंतरच्या इंग्रजी नोंदीतील जॉन हा एकच माणूस असू शकतो. तिसरी चूक समासाकडे दुर्लक्ष करण्याची. स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी, समासात, त्या व्यक्तीच्या विवाहाची टीप नंतर केलेली असते. एखादी मुलगी कोणत्या गावी दिली गेली, हे त्या दोन ओळींत सापडते. मुख्य मजकूर, समास आणि प्रत्येक वेळची सही करणाऱ्या धर्मगुरूंचे नाव ही तिन्ही उतरवावीत. सह्यांवरून धर्मगुरूंची यादी तयार होते, आणि दारावरच्या संगमरवरी पाटीपेक्षा ती अधिक विश्वासार्ह असते. हयात व्यक्तींच्या नोंदींची छायाचित्रे मात्र इंटरनेटवर टाकू नयेत.

वह्यांत जे नाही ते वयस्क माणसांना विचारावे. ‘आजी, चर्च पूर्वी कसे होते?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘आजी, तुमच्या लग्नाच्या दिवशी तुम्ही कोणत्या दारातून आत आलात, आणि पाद्री कोणत्या बाजूला तोंड करून उभे होते?’ असे विचारले की दार, कठडा, वेदी सगळे परत उभे राहते. उत्तर त्यांच्याच बोलीत, कादोडी असो की वाडवळी, लिहून घ्यावे, तारीख घालावी आणि ‘सांगीव माहिती’ असा शिक्का मारावा.

शेवटी प्रत्येक वस्तूसाठी एक पान करावे. नमुना असा: ‘क्रमांक 27. लाकडी मूर्ती, संत सेबॅस्टियन, गावात बाणवाला संत म्हणून परिचित. उंची 62 सेंमी. उत्तरेच्या उपवेदीवर, डावीकडे. चार बाण, दोन तुटलेले. पाठ पोकळ. दोन रंगथर दिसतात, वरचा ऑइलपेंट. लेख नाही. साल: शैलीवरून अनिश्चित. तळाला वाळवीची जुनी भोके, भुसा नाही. छायाचित्रे सहा, तारीख सोबत.’ मोजलेले, वाचलेले, ऐकलेले आणि अंदाजाने ठरवलेले यांची सरमिसळ होऊ देऊ नये. वस्तूची ओळख पटेल अशी एखादी तड, टवका किंवा लाकडातील गाठ जवळून टिपावी; चोरी झाल्यास पोलिसांना तीच उपयोगी पडते. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत, हे समितीला लेखी कळवावे. हस्तिदंती चेहरे आणि हात असलेल्या मूर्तींना वन्यजीव कायदाही लागू होतो, त्यामुळे त्यांचे पान वेगळे काढून धर्मप्रांताच्या कार्यालयाला दाखवावे.

संपूर्ण यादीच्या दोन छापील प्रती काढाव्यात: एक धर्मग्रामाच्या कपाटात, दुसरी बिशपांच्या कार्यालयात, दोन्हींवर प्रमुख धर्मगुरूंची सही आणि तारीख घेऊन. दरवर्षी पावसाळा संपला, की सणाच्या साफसफाईच्या वेळी यादी हातात घेऊन एक फेरी मारावी आणि जी वस्तू हलली, तडकली किंवा नव्याने आली, ती त्याच पानावर पेन्सिलीने लिहावी.